माजघराचा संग्राहक

(दिनकर गंगाधर केळकर यांच्या स्मरणार्थ दिलेलं व्याख्यान)



केळकरांविषयी बोलायचं म्हणजे वस्तूंविषयी बोलणं आलं, आणि एकदा वस्तूंकडे वळलं की माणूस मागे राहतो. पुण्यात शुक्रवार पेठेतलं त्यांचं संग्रहालय पाहून आलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? मस्तानी महाल पाहिला, अडकित्ते पाहिले, माशांच्या खवल्यांचं चिलखत पाहिलं, अशी उत्तरं येतात. हे सगळं ज्यानं घरी आणलं तो गृहस्थ कसा होता, हे विचारायचं राहूनच जातं. आज आपण वस्तूंसाठी जमलेलो नाही, त्यांच्यासाठी जमलो आहोत. म्हणून मी वस्तू सांगेन, पण त्या कुणी उचलल्या असतील याचा माग काढत सांगेन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. उत्सुकता ताणून धरणं मला जमत नाही. केळकर संसारी गृहस्थ होते आणि त्यांचा संग्रह संसारी माणसालाच जमवता येईल असा आहे. एखाद्या विद्वानाला तो जमला नसता. संस्थानिकाला तर नाहीच नाही, कारण संस्थानिक आपल्या न्हाणीघरात काय काय असतं हे पाहायला जात नाही.

थोडा तपशील. जन्म १८९६चा, मृत्यू १९९०चा. उपजीविका चष्म्यांच्या दुकानाची. चष्मे विकणाऱ्यानं पुण्याला बघायला शिकवलं, अशा धर्तीचं एक वाक्य इथे अगदी जिभेवर येतं; ते मी बोलणार नाही, फार सहज येणारी वाक्यं संशयास्पद असतात. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. साधारण १९२० पासून जुन्या वस्तू जमवू लागले आणि १९६०पर्यंत संग्रह पंधरा हजारांच्या घरात गेला. १९६२ साली त्याचं रीतसर संग्रहालय झालं. १९७५ साली त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण अडीच हजारच एका वेळी मांडता येतात. पुढे पद्मश्री आली, विद्यापीठाची डी.लिट. आली. मानसन्मानांबद्दल एवढं पुरे.

ते ज्या पुण्यात वाढले त्या पुण्याला इतिहासाचं वेड होतं. १९१० साली राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ऐन तारुण्यात विधुर झाले, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि उरलेलं आयुष्य गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं धुंडाळण्यात घालवलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्या पायपिटीतून आले. असा माणूस वाड्यात शिरला की त्याला माळ्यावरचे रुमाल हवे असत, म्हणजे फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे. माळ्याच्या शिडीकडे जाताना वाटेत खुंटीला लामणदिवा लटकत असे, कोनाड्यात अडकित्ता पडलेला असे. तिकडे लक्ष जायचं कारण नव्हतं. मोहिमेचा खर्च कागदात सापडतो. पण घरधनी मोहिमेवर असताना मागे राहिलेल्या बाईनं दिवा कोणता लावला, टाच कशानं घासली, हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

राजवाड्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांच्याशिवाय आपल्याकडे इतिहास उभा राहिला नसता. मला फक्त नजरेतला फरक दाखवायचा आहे. घर चालवणाऱ्या माणसाला घरातल्या वस्तूंची नावं ठाऊक असतात, कारण त्यातली एखादी आणायला विसरल्याबद्दल त्यानं बोलणी खाल्लेली असतात.

आता वज्रीकडे येते. सभागृहातल्या तरुण मंडळींसाठी सांगते: वज्री म्हणजे टाच घासायचं साधन. भाजलेल्या मातीची असते, पितळेचीही असते. खालची बाजू खरखरीत, तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा कोरलेल्या. वरची बाजू मुठीत धरायची. काम एवढंच. आता पोरं आंघोळीला प्यूमिस स्टोन मागतात, तेच. पण केळकरांनी जमवलेल्या वज्र्या पाहा. कुणाच्या पाठीवर पक्षी बसलाय, कुणाला प्राण्याचं तोंड आहे. काही पितळी वज्र्या आतून पोकळ ठेवून त्यांत बारीक खडे घालत, म्हणजे घासताना त्या खुळखुळत. चुलवणाच्या धुरानं काळवंडलेल्या न्हाणीघरात, जिथे पाहुणा सोडाच, घरातला पुरुषही दुसऱ्याच्या आंघोळीच्या वेळी डोकावत नाही, तिथे ही वस्तू. तिच्यावर नक्षी कुणासाठी? हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना चांदीची अत्तरदाणी दिसते, गुलाबदाणी दिसते. वज्री कुणाला दाखवत नाहीत. ती घडवणाऱ्या कासारानं, कुंभारानं ती ज्या बाईच्या हातात जाणार तिच्यासाठीच घडवली, दिवसातल्या तिच्या एकटीच्या त्या चार मिनिटांसाठी.

एक वज्री कुणीही गंमत म्हणून ठेवून घेईल. पण माणूस एकामागून एक वज्र्या जमवत जातो, तेव्हा त्यानं त्या चार मिनिटांची किंमत ओळखलेली असते. मला वाटतं केळकरांचा स्वभाव कळायचा तर या एका कपाटापुढे उभं राहावं. मस्तानी महाल नंतर पाहिला तरी चालेल.

फण्यांचंही तसंच. काही जुन्या फण्यांच्या पोटात तेल राहायची सोय असे; विंचरता विंचरता तेल मुळांशी उतरे. कुंकवाचे करंडे, काजळाच्या डब्या, पानाचा सगळा सरंजाम. पानाचा सरंजाम म्हणजे पानपुडा, चुनाळं, काताची डबी आणि अडकित्ता. अडकित्त्यात दोन दांडे, एक बिजागरी आणि एक पातं लागतं. सुपारी त्यानं कातरली जाते, विषय संपला. पण दांड्यांच्या जागी घोडे आले, पोपट आले, एकमेकांना बिलगलेली स्त्रीपुरुषांची जोडपी आली. सुपारी कातरताना ती जोडपी दूर होतात आणि पुन्हा जवळ येतात. हा चावटपणा करणारा लोहार आणि तो घरात बाळगणारे कर्ते पुरुष, दोघांनाही आपल्या कल्पनेतल्या सोवळ्या पुण्यात जागा नाही. केळकरांनी त्यांना काचेच्या कपाटात मानानं बसवलं. शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या बाई या कपाटापासून मुलांना जरा लगबगीनं पुढे नेतात, हे मी पाहिलंय.

दिव्यांविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण केळकर नेमके १९२०च्या सुमाराला का जमवू लागले हे दिव्यांवरून कळतं.

मोठ्या वाड्यात प्रत्येक कामाचा दिवा वेगळा. देवघरात समई, ओवाळायला निरांजन, मंगलाष्टकांच्या वेळी हातात धरायला लामणदिवा, ओसरीवर साखळीनं टांगलेला दिवा, अंगणात जायला हातदिवा. प्रत्येकाचा आकार कामातून ठरलेला. समईचा तळ जड आणि रुंद, कारण तिनं मुलांच्या धावपळीत कलंडायचं नाही. टांगत्या दिव्याच्या साखळीला आकडे, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आलं, त्याच्यामागून चिमणी आणि कंदील आले, आणि विसाव्या शतकात शहरांत वीज आली. घासलेटानं माजघरातला आणि ओसरीवरचा तेलाचा दिवा घालवला. विजेनं बाकीचे घालवले. देवघरातली समई तेवढी टिकली, कारण देवाला बल्ब चालत नाही असं आपण ठरवलं. म्हणजे १९२०च्या आसपास पुण्यातल्या जुन्या घरांत पितळेचे असंख्य दिवे असे होते ज्यांना काही काम उरलं नव्हतं.

काम नसलेल्या पितळेचं काय होतं? ती मोडीत जाते. तराजूवर वजन होतं, शेराच्या भावानं पैसे हातात पडतात आणि दिवा भट्टीत वितळून त्याचं पातेलं होतं. तांबटाचा यात काही दोष नाही; त्याच्या बापजाद्यांनी हेच केलं होतं, जुन्याचं नवं. जरीच्या पैठणीचं तर त्याहून वाईट होई. वस्त्र विरलं की ते जाळायचं आणि राखेतून चांदी काढून घ्यायची. नक्षीदार चौकट जळणात जाई. केळकरांचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा संग्राहक नव्हताच, भट्टी होती. भट्टी रोख पैसे देते, प्रश्न विचारत नाही आणि कधी बंद नसते. तिच्याशी स्पर्धा करणारा माणूस संस्थानिक असता तर गोष्ट वेगळी. इथे एक दुकानदार पदरमोड करून तिच्या आधी पोचायची धडपड करत होता.

त्यातून पेशवाई जाऊन शंभर वर्षं झालेली. सरदार घराण्यांच्या वाड्यांत भाऊबंदकीच्या वाटण्या झाल्या होत्या, उत्पन्नं आटली होती, वाडा मात्र तेवढाच मोठा होता. वस्तू विकायची गरज होती आणि विकल्याचं कुणाला कळू नये अशीही गरज होती. अशा घरी जाऊन एखादं कलमदान मागायला पैशापेक्षा वेगळं काहीतरी लागतं. घरंदाज माणूस आपली लाज कुणाच्याही हाती देत नाही. बरोबरीनं बसून, चहा घेऊन, मुलाबाळांची चौकशी करून, चार-चार खेपा घालून जो वस्तूकडे वळतो त्याला ती मिळते. दलालाला ती मिळेल, पण मग तिची गोष्ट मिळणार नाही.

आणि इथेच मला कमलाबाईंविषयी बोलायचं आहे.

केळकरांवरच्या लेखांत त्यांच्या पत्नीचा उल्लेख बहुधा एका वाक्यात येतो: कमलाबाईंची मोलाची साथ लाभली. आपल्याकडे 'साथ' हा शब्द फार कामाला येतो. तो लिहिला की पुढचं लिहावं लागत नाही. मी जरा हिशेब मांडते. १९२० ते १९६० ही चाळीस वर्षं. चाळीस वर्षांचे दिवस होतात साधारण १४,६००. वस्तू पंधरा हजार. म्हणजे सरासरी धरली तर चाळीस वर्षं रोज एक जुनी वस्तू त्या घराच्या उंबरठ्यावरून आत येत होती. काही डबीएवढ्या, काही दरवाजाएवढ्या. ज्यांनी नवऱ्याला एक जादा खुर्ची घरी आणू दिलेली नाही अशा माझ्या भगिनी या सभागृहात आहेत. त्यांनी या आकड्यावर क्षणभर विचार करावा.

ती वस्तू आली की ठेवायची कुठे? पितळ पावसाळ्यात काळं पडतं. कापडाला कसर लागते, लाकडाला वाळवी लागते. संग्रहालयशास्त्र शिकलेला कर्मचारीवर्ग तिथे नव्हता. घर होतं आणि घरातली माणसं होती. आणि महिनाअखेरीचा प्रश्न होताच. कविमनाचा नवरा सातशे मैलांवरून एक कोरीव झरोका घेऊन आला तर कौतुक करायचं की वाण्याची उधारी आठवायची, हा प्रश्न कुठल्याही पत्नीला पडेल आणि पडायलाच हवा. केळकर महाराष्ट्रापुरते थांबले नव्हते. गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडचे प्रदेश, सगळीकडच्या वस्तू त्यांनी आणल्या. प्रवासाचा खर्च, आणण्याचा खर्च, वस्तूची किंमत. हे सगळं एका दुकानाच्या उत्पन्नातून.

पण मला कमलाबाईंचा वाटा याहून मोठा वाटतो, आणि तो वस्तूंवरूनच दिसतो. त्या काळच्या वाड्यात परका पुरुष ओसरीवर थांबे, फार तर दिवाणखान्यात बसे. तलवार, कलमदान, हुक्का, गंजिफा या वस्तू दिवाणखान्यात भेटतात. वज्री, फणी, करंडा, शेवयांचा सोऱ्या, बाळंतिणीच्या खोलीतली भांडी, लहान मुलांची कुंची या वस्तू ओसरीवर येत नाहीत. त्या माजघरात असतात आणि माजघराचं दार आतल्या बाईनं बाहेरच्या बाईसाठी उघडायचं असतं. केळकरांच्या संग्रहात आतल्या वस्तूंची जी रेलचेल आहे ती एकट्या पुरुषाच्या फेऱ्यांतून आली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. हा माझा अंदाज आहे, पण तो त्या कपाटांपुढे उभं राहून बांधलेला आहे.

आता राजाविषयी.

संग्रहालयाचं नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. परप्रांतातून आलेल्या पाहुण्यांची इथे नेहमी गल्लत होते. त्यांना वाटतं, राजा ही पदवी आहे. असतील कुठल्यातरी लहानशा संस्थानाचे अधिपती. मराठी माणूस ते नाव वाचतो तेव्हा त्याला वेगळं दिसतं. मुलाचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसं पूर्ण नाव. राजा हा केळकर दांपत्याचा मुलगा. तो सातव्या वर्षी गेला.

मुलाच्या दुःखातून संग्रहालय उभं राहिलं, असं म्हणायची पद्धत पडली आहे. ते ऐकायला बरं वाटतं, पण मला पटत नाही. नाव दुःखातून आलं, यात शंका नाही. वस्तू मात्र हौसेनं जमवलेल्या दिसतात. शोकात बुडालेला माणूस अडकित्त्यावरचा चावटपणा ओळखून खुदकन हसून तो विकत घेत नाही, आणि केळकर हसले असणार याबद्दल मला खात्री वाटते, नाहीतर त्यांनी इतके घेतले नसते. माणसाचं दुःख एका खोलीत असतं आणि हौस दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांना सामायिक भिंत असते. संसार केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. आपण मात्र थोरांच्या चरित्रात एक खोली बंद करून टाकतो. संग्रहालयात खेळण्यांचीही कपाटं आहेत. लाकडी, पितळी, चाकं असलेली, दोरी बांधून ओढायची खेळणी. ती घेताना बापाच्या मनात काय होतं याविषयी भाषण करणं मला शोभणार नाही.

नाव देण्याच्या त्या कृतीत एक व्यवहारीपणाही आहे, तो मला फार आवडतो. आपल्याकडे गेलेल्या मुलाच्या नावानं पाणपोई घालतात, शाळेला खोली देतात, देवळाला पायरी देतात. केळकरांनी आपल्याजवळ जे होतं ते दिलं. आणि दिलं म्हणजे खरोखर दिलं. १९७५ साली या संग्रहाची किंमत करायला परदेशातले लिलाववाले आनंदानं आले असते. नुसते हस्तिदंती पट आणि धातूचे दिवे विकले असते तरी पुढच्या पिढ्यांची सोय झाली असती. संसारी माणसाचा पहिला विचार मुलाबाळांचा असतो, असं आपण समजतो. इथे एका संसारी माणसानं घरातली सगळी चीजवस्तू सरकारला देऊन टाकली आणि घरच्यांनी ती देऊ दिली. कुटुंबातल्या पुढच्या पिढ्याही या कामाशी जोडलेल्या राहिल्या.

मस्तानी महालाबद्दल बोललं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही, म्हणून थोडक्यात. पहिल्या बाजीरावानं १७३४ मध्ये कोथरूडला मस्तानीसाठी महाल बांधला. त्याचे जे अवशेष हाती लागले ते केळकरांनी आणले आणि संग्रहालयात तो पुन्हा उभा केला. मूळ जागेवरून वास्तू हलवावी का, यावर आजचे पुरातत्त्ववाले नाराजी दाखवतील, आणि तत्त्वतः त्यांचं बरोबर आहे. पण कोथरूडचं पुढे काय झालं हे तुमच्यापैकी निम्मे लोक तिथूनच इथे आल्यामुळे मी सांगायला नको. तत्त्व सांभाळलं असतं तर महाल गेला असता.

कवितेचा छंद त्यांना संग्रहाच्या आधीपासून होता की बरोबरीनं, हा प्रश्न मला गौण वाटतो. दोन्ही एकाच माणसाचे. जुन्या वस्तूंकडे पाहताना त्यांना त्यांतला नुसता जुनेपणा भावला असता तर त्यांनी शिलालेख आणि ताम्रपट जमवले असते. त्यांना आकार भावला, लय भावली, कुण्या अनामिक कारागिराची खोडी भावली. वाद्यांचं दालन पाहा. मोराच्या आकाराचं तंतुवाद्य जिथे ठेवलंय तिथे वाजवणारा नाही, तरी लोक थांबतात. पुणं हे छंदिष्टांचं गाव आहे खरं. कोथरूडातच जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचं आख्खं शहर उभं केलं आहे. तिकडे अहमदाबादेत सुरेंद्र पटेलांनी १९८१ साली नुसत्या भांड्यांचं संग्रहालय काढलं, तेही एका उपाहारगृहाच्या आवारात, म्हणजे जेवणाच्या शेजारी. अशी माणसं घरच्यांना आधी डोकेदुखी वाटतात आणि मग गावाला भूषण वाटतात. दोन्ही मतं एकाच वेळी खरी असतात.

नुसती स्तुती केली तर हे व्याख्यान श्राद्धाच्या जेवणासारखं होईल, म्हणून एक खटकणारी गोष्टही सांगते. संग्रहात दिसतं ते घर कुणाचं? पितळ ज्याला परवडत होतं त्याचं. चुनाळं, पानपुडा, पैठणी, हस्तिदंती फणी हे सगळं खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतलं. लोककलेच्या वस्तू केळकरांनी घेतल्या, चित्रकथीची चित्रं घेतली, बाहुल्या घेतल्या. त्यामुळे त्यांची नजर फक्त वाड्यांवर होती असं म्हणता येणार नाही. तरीही मातीचं मडकं फुटतं, भोपळ्याचा तुंबा सडतो, घोंगडी झिजते. गावकुसाबाहेरच्या घरात भट्टीत जाण्याजोगं काही नव्हतंच, त्यामुळे वाचवण्याजोगंही काही राहिलं नाही. हा दोष संग्राहकाच्या नजरेपेक्षा पदार्थाचा जास्त आहे. पण संग्रहालयातून बाहेर पडताना 'जुन्या काळी लोक असे राहत' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवावं आणि कुठले लोक, असं विचारावं.

दुसरी अडचण सगळ्याच जुन्या संग्रहांची आहे. वस्तू वाचते, पण तिचा ठावठिकाणा सुटतो. अडकित्ता पितळेचा, अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातला, महाराष्ट्र. पाटीवर एवढंच मावतं. तो कुणाच्या कंबरेच्या चंचीत होता, त्या घरी कुणी मोडला, कुणी डाग देऊन आणला, हे सांगणारी माणसं वस्तू विकली गेली तेव्हा जिवंत होती. घाई भट्टीच्या आधी पोचण्याची होती. त्या घाईत हे नोंदवत बसणं कुणालाही अवघड गेलं असतं.

आपल्याला ती घाई नाही. आणि आपल्या घरांत सध्या काय चाललंय पाहा. जात्याची आणि पाट्या-वरवंट्याची वेळ कधीच टळून गेली. आता पाळी आहे ती पंप मारायच्या स्टोव्हची, वातीच्या स्टोव्हची, कॅसेटच्या टेपरेकॉर्डरची, गोल तबकडी फिरवायच्या टेलिफोनची, दुधाच्या बाटल्या ठेवायच्या तारेच्या जाळीची, आजोबांच्या शाईच्या पेनाची. सोसायटीच्या दारात भंगारवाला आठवड्यातून दोनदा येतो. तीच जुनी भट्टी, फक्त आता फोन करून बोलावता येते. या सभागृहात निदान पाचसात जण असे असतील की ज्यांनी यातलं काहीतरी माळ्यावर लपवून ठेवलंय आणि दर दिवाळीच्या साफसफाईला त्यावरून घरात वाद होतो. मी त्यांची बाजू घ्यायला आले आहे, अट एकच.

ठेवताय ना, तर वस्तूला चिठ्ठी बांधा. कुणाची, कुठे घेतली, कोण वापरत होतं, शेवटची कधी चालली, तिच्यावरून काय भांडण झालं होतं. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारून लिहा, कर्त्या पुरुषाला विचारून नको. त्याला किंमत आठवते, तिला वापर आठवतो. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहा, कारण शाईची अक्षरं दमट हवेत पसरतात. बांधायला सुती दोरा वापरा. रबरबँड अजिबात लावू नका. रबरातल्या गंधकानं चांदी आणि पितळ काळं पडतं आणि रबर वितळून चिकटून बसतं. आणि दसऱ्याच्या आधी उत्साहानं चिंच आणि राखेनं घासून चकचकीत करायचा मोह झाला तर तोही आवरा. प्रत्येक घासण्यात थोडं नक्षीकाम उतरतं, आणि ज्या कोपऱ्यात मळ साचलेला आहे तिथेच बहुधा कारागिरानं काहीतरी कोरलेलं असतं.